उजेडात धर!

चुलत बहिणीच्या लग्नात आहेर लिहायला तात्यांना बसवलं, ही आमच्या घराण्याची ऐतिहासिक चूक. विचार साधा होता. माणूस नगरच्या एका पतसंस्थेत छत्तीस वर्षं कॅशियर होता, अक्षर मोत्यासारखं, हिशेबात पैशाची चूक नाही. केडगावच्या कार्यालयात दाराजवळ टेबल मांडलं, वही दिली, पेन दिलं, शेजारी मदतीला मला बसवलं.

पहिले आले नवऱ्या मुलाचे मामा. त्यांनी पाचशेची नोट पुढे केली. "लिहा, रोख पाचशे." तात्यांनी पेन खाली ठेवलं, नोट दोन्ही हातांनी ताणली आणि मामा समोर उभे असताना वरच्या ट्यूबलाइटकडे धरली. मग तिरकी केली, कडेवरून अंगठा फिरवला, उलटी केली. मामांच्या मागे रांग थबकली. मामांना आधी काही कळेना, मग कळलं, मग घाम फुटला. शेवटी तात्या चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मामा, नोट एकदम उत्तम आहे तुमची!" मामांना आयुष्यात कुणी इतकं जाहीरपणे निर्दोष सोडलं नसेल.

पहिली पंगत उठेपर्यंत वहीत अकरा नावं झाली होती. रांग कार्यालयाच्या फाटकाबाहेर रस्त्यावर गेली होती. काही पाहुणे आहेर न देताच जेवून गेले आणि जाताना तात्यांना मनापासून दुवा देऊन गेले.

प्रत्येक घराण्यात असा एक जण असतो. कुणी कलिंगड वाजवल्याशिवाय घेत नाही, कुणी बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख वाचल्याशिवाय चहात बुडवत नाही, कुणी कुलूप लावून चार वेळा ओढून बघतो आणि कोपऱ्यावरून पाचव्यांदा परत येतो. आमच्या वाट्याला नोटा आल्या. तात्यांच्या हाती नोट पडली की त्यांच्या तोंडून ठरलेले दोन शब्द निघतात, "उजेडात धर!" सावेडीत त्यांच्या गल्लीतली पोरं त्यांना 'उजेडतात्या' म्हणतात, आणि तात्यांना ते ठाऊक आहे. मला तर वाटतं, आवडतंही.

सकाळी सातला तात्या ओट्यावर पूर्वेला तोंड करून बसतात. हातात चहा, मांडीवर पाकीट. लोक सूर्याला अर्घ्य देतात, तात्या त्याला नोटा दाखवतात. पाकिटात सगळे गांधीजी एकाच दिशेला, सगळे सुलटे, दहापासून पाचशेपर्यंत चढत्या भाजणीत. कोनाड्यात एक भिंग असतं आणि एक जांभळ्या उजेडाचं पेन. हे पेन मुळात नातवाचं. त्यानं लिहिलेलं दिसत नाही, टोपणातला दिवा टाकला की अक्षरं उमटतात. नातवानं ते वर्गात चिठ्ठ्या पाठवायला आणलं होतं. तात्यांनी एका संध्याकाळी तो दिवा नोटेवर मारला, कागदातले बारीक धागे आणि नंबर चमकून उठले, आणि पेन जप्त झालं. नातू आठवडाभर रडत होता. तात्या त्याला म्हणाले, "रडू नकोस, मोठा झालास की वारसाहक्कानं तुलाच आहे."

मला त्यांनी पाचशेची नोट शिकवली तो प्रसंग अजून आठवतो.

"काय दिसतं?"

"गांधीजी."

"किती?"

"एक."

"दोन! एक छापलेले, एक कागदात लपलेले. उजेडात धर. मोकळी जागा आहे ना, तिथं बघ. शेजारी पाचशेचा आकडापण आहे. शाईचा नाही तो, कागद जाड-पातळ करून काढलेला. आता ही तार बघ. रंग कुठला?"

"हिरवा."

"तिरकी कर."

"निळा झाला!"

"नगर जिल्ह्यात राहतोस आणि रंग बदलल्याचं नवल वाटतं तुला? निवडणूक आली की बघत जा."

मग त्यांनी माझं बोट धरून नोटेच्या कडेवर फिरवलं. दोन्ही बाजूंना तिरक्या फुगीर रेघा आहेत. पाचशेला पाच, दोनशेला चार, शंभरालाही चार. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आहेत त्या. शिवाय पाचशेला उठावाचा गोल, शंभराला त्रिकोण, दोनशेला इंग्रजी एचसारखी शिडी. रात्री वीज गेली की तात्या मेणबत्ती शोधत नाहीत, पाकीट काढतात आणि अंधारात आम्हाला म्हणतात, "कुठलीही दे, सांगतो." एवढ्या वर्षांत एकदाच अडले. कुणीतरी किराणा दुकानाची पावती दिली होती. तीसुद्धा बोट लावताच त्यांनी रागानं फेकली. "कापूस नाही हा!"

कापूस हा त्यांचा हळवा मुद्दा. नोट ही कागदाची नसतेच, कापसाची असते, हे ते भेटेल त्याला सांगतात. काकूंनी एकदा त्यांचा सदरा खिशातल्या दोनशेसकट वॉशिंग मशीनमध्ये टाकला. तात्यांनी ती नोट बनियनशेजारी दोरीवर चिमटा लावून वाळत घातली, वाळल्यावर उजेडात धरली, तिरकी केली, तारेचा रंग बदलतोय याची खात्री केली आणि काकूंना म्हणाले, "बघ. कागद असता तर लगदा झाला असता. तुझ्या साबणाला पुरून उरली."

काकूंनी हे सगळं चाळीस वर्षं सोसलंय. त्या सांगतात, "मला बघायला आले तेव्हा कांदेपोहे पुढ्यात, आणि हे म्हणाले, 'ती खिडकी जरा उघडता का?' मला वाटलं, माणूस रसिक आहे."

नोटेवरचा नंबर डावीकडून उजवीकडे लहानाचा मोठा होत जातो. तात्या त्यावर बोट ठेवून म्हणतात, "याला म्हणतात प्रमोशन. मी कॅशियर लागलो, कॅशियर सुटलो." मागच्या बाजूला पंधरा भाषांची यादी आहे. ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेली, आसामी पहिली, उर्दू शेवटची. तात्यांनी कधीतरी ती मोजली आणि त्यांना साक्षात्कार झाला. मराठी आठवी! "वर सात, खाली सात. ठरवून नाही बसवली कुणी, आपसूक बसली. मधोमध!" हा शोध ते एक मेला हमखास सांगतात. त्या वेळी त्यांचा आवाज असा लागतो, की मराठीला मधोमध बसवण्याच्या वाटाघाटी त्यांनीच दिल्लीत जाऊन केल्या असाव्यात.

आमच्या जिल्ह्याला देवस्थानांची कमी नाही. शिर्डी आहे, शिंगणापूर आहे, मोहटादेवी आहे, मढीचे कानिफनाथ आहेत. तात्या सगळीकडे जातात, पण त्यांचं खरं क्षेत्र जिल्ह्याबाहेर, नाशिकरोडला. पूर्वी आपल्या नोटा विलायतेतून छापून येत. नाशिकरोडच्या छापखान्यात 1928 साली छपाई सुरू झाली. संगमनेरहून नाशिककडे जाणारी एसटी नाशिकरोडला पोचली, की तात्या चष्मा काढतात आणि छापखान्याच्या दिशेनं हात जोडतात. शेजारचा प्रवासी इकडंतिकडं देऊळ शोधतो. देशात नोटा छापणारे कारखाने चार आहेत, नाशिक, देवास, म्हैसूर आणि बंगालमधलं सालबोनी. निवृत्तीनंतर तात्यांनी जाहीर केलं, "आता चारधाम करायचे." काकूंनी हौसेनं लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. अर्धा विणून झाल्यावर त्यांना कळलं, की धाम कुठले ते. तो स्वेटर अजून बिनबाह्यांचा आहे.

तात्यांना शनिशिंगणापूरला न्यावं आणि मजा बघावी. तिथल्या घरांना दारं नाहीत, चौकटीच आहेत. 2011 साली युको बँकेनं तिथं शाखा काढली तीसुद्धा बिनकुलपाची. शनिमहाराजांच्या राज्यात चोरीला कोण धजावतो! आम्ही गेलो तेव्हा सगळे भाविक त्या बिनदारांच्या घरांकडे तोंडात बोट घालून बघत होते. तात्या पूजासाहित्यवाल्याच्या टपरीवर तेलाचे पैसे चुकते करून परत आलेली शंभराची नोट उन्हात धरून उभे. दुकानदार म्हणाला, "काका, हितं कुणी खोटं देत नाही. महाराज बघतात." तात्या नोटेवरची नजर न काढता म्हणाले, "महाराज तुला बघतात. तुला ही कुणी दिली त्याला कुठं बघायला गेले? तो आला असंल बाहेरगावचा." दुकानदार विचारात पडला. आम्ही निघालो तेव्हा तो गल्ला काढून एकेक नोट उन्हाकडे धरत होता. श्रद्धेच्या त्या गावात तात्या पंधरा मिनिटांत संशयाची शाखा उघडून आले, आणि तीही बिनकुलपाची.

काष्टीच्या बाजारात मात्र त्यांना गुरू भेटला. श्रीगोंद्याकडचे आमचे एक नातेवाईक बैलजोडी घ्यायला निघाले, त्यांनी पैसे मोजायला तात्यांना बरोबर घेतलं. तिथं सौदा बोलून होत नाही. उपरण्याखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबली जातात आणि भाव ठरतो. तात्या हे बघून थक्क झाले. "ही खरी उठावाची छपाई," म्हणाले. सौदा झाला. नातेवाइकांनी विसारापोटी नोटा दिल्या, व्यापाऱ्यानं वरचे पैसे म्हणून स्वतःकडची दोनशेची परत दिली. ती तात्यांनी लगेच आभाळाकडे धरली. व्यापारी पांढऱ्या मिशीतनं हसला. "पाव्हणं, लाखाच्या बैलाचं दात बघितलं न्हाईत, आन दोनशेच्या नोटंचं बघताय व्हय?" तात्या चपापले. परत आल्यावर मला म्हणाले, "मुद्दा बरोबर होता रे त्याचा. पण बैलाला तार कुठं असते?"

नोकरीत त्यांनी नोटांचे बरेच अवतार बघितले. ट्रॅक्टरवाली पाचाची नोट, जिच्यावर नांगरणारा शेतकरी नेवाशाचाच असावा असं त्यांचं मत. हिराकुड धरणाची शंभराची. 1996 साली आलेली गांधीजींची मालिका. आणि पिना! पूर्वी नव्या बंडलाला अशी जाड पिन मारलेली असे की ती उपसताना अंगठ्याचं रक्त निघे आणि गांधीजींच्या लपलेल्या चेहऱ्याशेजारी भोकं पडत. 2001 साली रिझर्व्ह बँकेनं नोटांना पिना मारणं बंद करायला लावलं, कागदी पट्ट्या आल्या. तात्यांच्या उजव्या अंगठ्यावर अजून त्या पिनांचे वण आहेत. स्वातंत्र्यसैनिकानं गोळीची खूण दाखवावी तसा ते तो अंगठा दाखवतात.

त्यांचा सुवर्णकाळ मात्र निवृत्तीनंतर आला. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री आठ वाजता टीव्हीवर घोषणा झाली, आणि दोन दिवसांनी गल्लीत पहिली दोन हजाराची गुलाबी नोट आली ती बँकेतून निघून थेट तात्यांच्या ओट्यावर. सबंध गल्ली जमली. मागे मंगळयान, कडेला सात रेघा. एकानं मोबाइल पुढे केला. नोटेत चिप आहे म्हणे, जमिनीत पुरली तरी उपग्रहाला दिसते. तात्यांनी नोट उन्हात धरली, भिंग लावलं, जांभळा दिवा मारला आणि निकाल दिला. "चिप असती तर रंग एवढा खराब दिला नसता. कॅशियरच्या नजरेला नाही दिसली, उपग्रहाला काय दिसणार?" त्या हिवाळ्यात ओट्यावर रोज दरबार भरे. पुढे मे 2023 मध्ये ती नोट मागे घेतल्याची बातमी आली, तेव्हा तात्यांनी पाकिटातली त्यांची एकुलती एक गुलाबी नोट काढली, शेवटचं उजेडात धरली आणि बँकेत भरून आले. दोन घास कमी जेवले त्या दिवशी.

अफवांशी त्यांचं हाडवैर आहे. दहाचं नाणं चालत नाही म्हणणाऱ्या रिक्षावाल्याशी ते माळीवाडा ते सावेडी भांडत आले आणि शेवटी भाडं दहाच्याच नाण्यांत दिलं. तार गांधीजींच्या जवळ असेल तर पाचशेची नोट खोटी, असा मेसेज आला तेव्हा त्यांनी पाठवणाऱ्या साडूंना फोन करून पाऊण तास घेतला. "तार थोडी इकडंतिकडं असणारच. तुमचा भांग रोज एका जागी पडतो का?" साडूंना टक्कल आहे, हे फोन ठेवल्यावर आठवलं.

आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय. तात्यांच्या तोंडी 'नगर' बसलंय ते काही निघत नाही, पण अहिल्याबाईंचा विषय निघाला की ते हटकून त्यांच्या रुपयावर येतात. चौंडीची लेक माळव्यात राज्य करायला गेली आणि तिच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचं पान आलं. "सही नाही, तार नाही. बेलाचं पान बघून लोक रुपया घ्यायचे," तात्या म्हणतात, आणि जरा थांबून स्वतःलाच दुरुस्त करतात, "म्हणजे, वाजवून घ्यायचे. सराफ तेव्हाही होतेच."

हल्ली त्यांचे दिवस पडते आहेत. कापडबाजारात जा, दाळमंडईत जा, जो तो मोबाइल चौकोनासमोर धरतो आणि डबीतून बाई बोलते, इतके रुपये मिळाले. तात्या त्या डबीकडे संशयानं बघतात. एकदा त्यांनी ती उचलून उजेडात धरलेली मी पाहिलीय. खाली ठेवताना म्हणाले, "आवाजाला तिरकं कसं करायचं रे?"

आणि तरीही, या तात्यांच्या पाकिटात, प्लास्टिकच्या वेष्टणात, खोटी नोट जमा केल्याची बँकेची पावती आहे. नोट पाचशेची. बँकेनं नोटेवर शिक्का मारून ती ठेवून घेतली, पावती दिली, खाली कॅशियरची सही आणि तात्यांची सही. खोट्या नोटेचे पैसे परत मिळत नाहीत. घरात ही गोष्ट फुटली तेव्हा आम्ही दिवाळी साजरी केली. उजेडतात्या अंधारात सापडले! मेव्हण्यांनी फोन केले, लग्नातले ते मामासुद्धा भेटून गेले. तात्या फक्त म्हणाले, "होतं असं कधीकधी," आणि नोट कुणी दिली ते काही केल्या सांगेनात.

ते मला कळलं चितळे रोडला. तिथं एका मावशींकडे तात्या वर्षानुवर्षं भाजी घेतात. मी एकटाच गेलो होतो. मावशींनी मला ओळखलं आणि स्वतःहून सांगितलं. सणाच्या गर्दीत कुणीतरी त्यांना पाचशेची नोट खपवून गेलं होतं. दुपारी तात्या आले, सुट्टे घेताना गल्ल्यात डोकावले आणि ती नोट दुरूनच त्यांना दिसली. उजेडात धरायचीही गरज पडली नाही. "हातात घेतली आन नुसती चोळली. म्हनले, मावशी, ही माझ्याकडं द्या. ही दुसरी घ्या. म्या म्हनलं, का? तर म्हनले, मला नंबर आवडला हिचा."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले म्हणे, भिंग घेऊन. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांमध्ये पाट टाकून बसले आणि गिऱ्हाइकं खोळंबवून तासभर शिकवणी घेतली. पाच रेघा, दोन गांधीजी, हिरव्याची निळी. मावशींना अक्षर वाचता येत नाही. तात्यांनी त्यांना बोटानं वाचायला शिकवलं.

परवा तात्यांबरोबर मी तिथं गेलो. दोन जुड्या मेथी, पावशेर मिरची. तात्यांनी सकाळी ओट्यावर तीनदा तपासलेली पाचशेची नोट पुढे केली. मावशी म्हणाल्या, "थांबा." हात पदराला पुसला, नोट ताणली, वरच्या ताडपत्रीच्या फटीतून ऊन येत होतं तिथं धरली. अंगठा कडेवरून फिरवला. ओठ हलत होते. रेघा मोजत होत्या. मग नोट परत तात्यांच्या हातात दिली.

"कोपरा फाटलाय. दुसरी द्या."

"अहो मावशी, कोपऱ्यानं काही होत नाही! ऐंशी टक्क्यांच्या वर नोट शाबूत असली, की बँक पूर्ण पैसे देते. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे!"

"आसंल. मी नाय घेत."

मागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि पाकिटातून दुसरी नोट काढली. मावशींनी तीसुद्धा फटीकडे नेली. तात्या मेथीच्या जुड्या छातीशी धरून, दहावीच्या निकालाला उभ्या राहिलेल्या बापासारखे, त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. रेघा पुटपुटत ते स्वतःही मोजत होते.